दोषाचा माल

आमच्या गटाची सहल दरवर्षी जानेवारीत निघते आणि दरवर्षी ती देवाला जाते. बारा वर्षांत बारा देव झाले. यंदाच्या सभेत मी विचारलं, "खंय जावया?" तर हौसाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "देव बगान झाले. माका आता तुझी सून खंय काम करता तां बगूचा आसा."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. कारण सुनेने आमचं काम सोडून ती नोकरी धरल्यापासून माझ्यासमोर तिचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. हौसाबाईची होती, कारण हौसाबाईला कशाचीच भीती नाही.

मी सुगंधा गवस. दोडामार्गाच्या पुढे आमच्या वाडीत बायकांचं काजू युनिट आहे, त्याची मी अध्यक्ष. पाटीवर माझं नाव आहे. बी उकडणं, फोडणं, सोलणं सगळ्याजणी करतात, पण शेवटची निवड माझ्या हातात. गर सुपात घेतला की अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, कणी वेगळी, हे मी गप्पा मारता मारता करते. डागाळलेला गर माझ्या बोटाला डोळ्याच्या आधी कळतो. एवढं एक मला येतं आणि त्याची मला घमेंड आहे. उगाच कशाला लपवा?

सलोनी लग्न होऊन आली तेव्हा तिला मी माझ्या शेजारीच निवडायला बसवलं होतं. दीड वर्ष बसली, मधूनमधून बीही फोडली. हात चांगला, नजर तर माझ्याहून तिखट. पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. काही विचारलं की मान हलवायची. आता आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे, हे मला मान्य आहे. मी बोलायला लागले की आमचे हे मागीलदारी निघून जातात आणि निलेश, म्हणजे माझा मुलगा, मोबाईल काढून बसतो. पण सुनेने निदान भांडावं तरी! ती भांडायचीसुद्धा नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं की पोर कामाची आहे पण आत पाणी नाही.

आणि ही आत पाणी नसलेली पोर दिवाळीच्या सुमारास कोणाला न सांगता दोन बस बदलून गोव्याच्या हद्दीत गेली आणि तिथल्या आउटलेटमध्ये नोकरी लावून घरी आली. मला तिने सांगितलंच नाही. निलेशने सांगितलं, तेही दारात उभं राहून, पळता यावं म्हणून.

मी दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आउटलेट म्हणजे काय गो?"

ती म्हणाली, "आये, मोठ्या कंपन्यांचो गेल्या सीझनचो माल थंय येता. काय मालाक बारीकसो दोष आसता. म्हणान स्वस्त."

"म्हणजे तुकडा," मी म्हटलं.

ती हसली. "तसाच काय तां."

नोकरी तीन महिने कच्ची होती. जानेवारीच्या अखेरीला मॅनेजरबाई ठरवणार, पक्की करायची की घरी पाठवायचं. निलेशकडून मला कळत होतं की काम झकास आहे, पण गिऱ्हाइकासमोर हिचा आवाज निघत नाही म्हणून अजून मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायलाच ठेवलंय. तोंड उघडलं नाही तर पक्की करणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि दुसरा नियम असा की कच्च्या पोरींच्या नातेवाइकांनी दुकानात यायचं नाही. गप्पा मारत बसतात म्हणे.

सहल ठरली तसं सलोनीने मला चुलीपाशी गाठलं. "आये, तुमी सगळ्यांनी येवा, खूप फिरा. पण माझ्या दुकानात नको. ह्योच म्हयनो ऱवलो आसा."

मी "बरां" म्हटलं. नियम मला पटला होता. पण मनात जे आलं ते आलंच: हिला आमची लाज वाटते. एकदा आलं आणि मग ते माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिला फरक कळला की नाही, देव जाणे. ती पूर्वीइतकीच मान हलवत होती.

सहलीच्या दिवशी मंगेशचा टेम्पो ट्रॅव्हलर सकाळी सातला वाडीत आला. आम्ही बाराजणी. सगळ्यांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. काशीबाई, आमच्यातली सर्वांत वयस्कर, अबोलीचा वळेसर माळून पुढच्या सीटवर बसली. काशीबाई बी फोडायच्या मशीनवर बसते. बारा वर्षं बसते आहे. बी फोडली की टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी जळते, आणि काळे डाग पडतात ते कायमचे. आम्ही खोबरेल लावतो, राख लावतो, हल्ली हातमोजेही घालतो, पण काशीबाईला हातमोज्यातून बी नीट कळत नाही, म्हणून ती उघड्या हातांनीच करते. तिची दहाही बोटं पेरापर्यंत काळी आहेत. आमच्या वाडीत त्याचं कोणाला काही वाटत नाही.

बांद्याला उसळपाव आणि चहा झाला. टेम्पो पुन्हा सुरू झाला तशी मी उभी राहिले आणि सगळ्यांना शपथ घातली.

"नीट आयका. सलोनीच्या दुकानात जावचा नाय, असो नियम आसा. आपण जातलंव."

हौसाबाईने टाळी वाजवली.

"पण गिऱ्हाईक म्हणान जातलंव. कोणी ओळख दाखवूची नाय. ती समोर इली तरी हसूचा नाय, हाक मारूची नाय. कोणी इचारल्यान तरी आमी हिका वळखणव नाय, इतक्याच सांगूचा. पोरगेची नोकरी जायत. सातेरीदेवीची शपथ आसा."

खरं सांगायचं तर मी काही सगळ्यांच्या हौसेखातर जात नव्हते. मलाच बघायचं होतं. आमच्या सुपाशेजारून उठून ही जिथे गेली ती जागा आहे तरी काय, आणि मी समोर उभी राहिले तर ही नजर फिरवते का, हे मला बघायचं होतं. सासूचा स्वभाव, दुसरं काय.

काशीबाईने वळून विचारलं, "आणि तिनाच हाक मारल्यान तर?"

"मारूची नाय ती," मी म्हटलं. आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

हद्द ओलांडून विमानतळाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक माळ लागतो. त्या माळावर हे आउटलेट. मला वाटलं होतं मोठी इमारत असेल, सरकत्या जिन्यांची. तसं काही नाही. मोकळ्या आभाळाखाली दोन रांगा बैठ्या दुकानांच्या, मध्ये फरशी घातलेली रुंद वाट, मधोमध कारंजं, बसायला बाकं आणि वर पांढऱ्या छत्र्या. जत्रेची पेठच म्हणा, फक्त धूळ नाही आणि कोणी ओरडत नाही. प्रत्येक दुकानाच्या काचेवर लाल अक्षरात सवलतीची पाटी. आमच्या बायका दोन मिनिटं फाटकातच थांबल्या. मग हौसाबाईने पदर खोचला आणि म्हणाली, "चला, तुकडो बगूया."

इथे चूक माझी होती. दोषाचा माल असतो हे सलोनीने मला सांगितलं होतं, ते मी सभेत सगळ्यांना सांगितलं होतं. गेल्या सीझनचाही असतो, हे सांगायचं राहून गेलं. आणि निवडीचं काम करणाऱ्या बारा बायकांना तुम्ही दोषाचा माल म्हणून सांगितलंत की त्या दोष शोधणार. सापडल्याशिवाय हलणार नाहीत.

पहिलं दुकान बुटांचं. हौसाबाईने नातवासाठी बूट उचलला, आत हात घातला, टाच दाबली, शिलाई नखाने चाचपली, उजेडात धरला. मग दुसऱ्या पायाचा. मग दोन्ही तळवे एकमेकांना लावून बघितले. विकणारा मुलगा हसत उभा होता.

"हेचो दोष खंय?" तिने विचारलं.

"दोष नाही काकी. एकदम चांगला पीस आहे."

"मगे स्वस्त कित्याक देतास?"

"ऑफर आहे ना, काकी."

"ऑफर ऱवांदे. दोष सांग, मगे घेतंय."

तो बिचारा शपथा घालायला लागला की बुटात काही दोष नाही. तसतशी हिची खात्री होत गेली की दोष मोठा आहे आणि हा लपवतोय. शेवटी तिने बूट खाली ठेवला आणि आम्हाला म्हणाली, "माणूस बरो दिसता, पण खोटा बोलता."

असं चार दुकानांत झालं. पिशव्यांच्या दुकानात आमच्या एकीने चेन दीडशे वेळा तरी उघडझाप केली असेल. चादरींच्या दुकानात तिघींनी चादर ताणून धरली आणि चौथी खालून बघत आली. तिला शेवटी एक सुटलेला धागा मिळाला, तेव्हा चौघींना जो आनंद झाला तो काय सांगू! तिने ती चादर लगेच घेतली. दोष सापडला, आता भीती कसली? दुकानदार बघतच राहिला. मी हसू दाबत मागून चालत होते आणि मनातून फुलून गेले होते. अख्ख्या आउटलेटमध्ये माल इतका नीट बघणारं गिऱ्हाईक त्या दिवशी दुसरं नव्हतं.

असं करत करत आम्ही कारंज्याच्या पलीकडे सलोनीच्या दुकानापाशी आलो. पुरुषांच्या शर्टांचं दुकान. काशीबाईला तिच्या नवऱ्यासाठी पांढरा शर्ट हवाच होता. परशुरामभाऊ भजनात पखवाज वाजवतात, आणि पुढल्या महिन्यात त्यांच्या बुवांची बारी, म्हणजे भजनाचा सामना, होता. म्हणजे निमित्तही आयतंच झालं.

मी पुन्हा एकदा सगळ्यांवर डोळे वटारले आणि आम्ही आत शिरलो.

दुकान थंडगार. काऊंटरवर मॅनेजरबाई, चाळिशीच्या, आखूड केस, छातीवर नावाची पट्टी: मेल्विना. मागे एक पडदा, त्याच्या फटीतून मला सलोनी दिसली. काळी पॅन्ट, करडा शर्ट, केस वर बांधलेले, हात भराभर घड्या घालताहेत. घडी घालायच्या आधी प्रत्येक शर्टाची कॉलर ती अंगठ्याने चाचपत होती. ते मी शिकवलेलं. गर असाच चाचपायचा असतो.

तिने वर पाहिलं. मला बघितलं, मागच्या अकराजणींना बघितलं. तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली. मी नजर फिरवली आणि एका निळ्या शर्टाची किंमत वाचायला लागले. ओळख दाखवायची नाही म्हणजे नाही.

काशीबाई तोवर मधल्या टेबलापाशी पोचली होती. टेबलावर पांढरे शर्ट रचून ठेवले होते, एकावर एक. तिने वरचा उचलला, उलटा केला आणि शिवण बघायला लागली. मन लावून, जशी बी बघते तशी.

"ओ आजी! हात लावू नका!"

दुकानातला एक पोरगा धावत आला. त्याने शर्ट तिच्या हातातून काढून घेतला. "पांढरा माल आहे. आधी हात धुऊन या."

काशीबाईला राग येत नाही. ती "बरां बाबा" म्हणाली, बाहेर कोपऱ्यावरच्या नळावर गेली, परत आली. हात ओले होते आणि होते तितकेच काळे होते.

"मी हात धुवन इलंय रे. साबणान."

"आजी, हे धुतलेत?" तो पोरगा मोठ्याने म्हणाला. दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक बाई आपली पर्स घेऊन टेबलापासून बाजूला झाली.

काशीबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. जणू पहिल्यांदाच बघत होती. मग तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि तशीच उभी राहिली.

माझं काय झालं ते सांगते. शिरा पडो त्याच्या तोंडार, असं माझ्या जिभेवर आलं होतं. दुसरी कुठलीही जागा असती तर मी त्या पोराची अशी सालं काढली असती की त्याला घरचा रस्ता सापडला नसता. पण ते सलोनीचं दुकान होतं, आणि ह्योच म्हयनो ऱवलो आसा म्हणून तिने मला हात जोडल्यासारखं सांगितलं होतं. मी दात आवळले. निळ्या शर्टाची बाही मुठीत धरली. माझी मैत्रीण, बारा वर्षं माझ्या समोर बसून बी फोडणारी, सगळ्यांसमोर हात लपवून उभी होती आणि मी शर्टाची किंमत वाचत होते. आयुष्यात एवढी गप्प मी कधी राहिले नव्हते आणि एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मेल्विनाबाईंनी काऊंटरवरून मान वर केली. "काय चाललंय? सलोनी, बाहेर ये. त्या आजींना बाहेर बाकावर बसव, पाणी दे. टेबलाजवळ नको."

सलोनी पडद्यामागून आली. मला वाटलं, आता ही खाली मान घालून काशीबाईला बाहेर नेईल. तिने तसं केलं असतं तरी मी तिला बोल लावला नसता. मीच तर ओळख गिळून उभी होते.

ती काशीबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"काशीकाकी, पदरातले हात भायर काडा."

दुकानात सगळ्यांना ऐकू गेलं. मी तो आवाज ओळखलाच नाही. माझ्या घरात तो कधी निघाला नव्हता.

काशीबाईने माझ्याकडे बघितलं, शपथ आठवली, आणि काही न बोलता हात बाहेर काढले. सलोनीने टेबलावरचा सगळ्यांत पांढरा शर्ट उचलून तिच्या हातात दिला.

"चोळा. बोटांनी चोळा. आणखी जोरात."

काशीबाईने चोळला. पांढऱ्या कापडावर ती काळी बोटं फिरत होती आणि सगळं दुकान बघत होतं. मग सलोनीने शर्ट घेतला, उलगडला आणि त्या पोरासमोर धरला.

"लागला डाग? दाखव कुठे लागला ते."

शर्ट जसा होता तसा पांढरा होता.

"हा मळ नाही," सलोनी म्हणाली. आता ती दुकानातल्या मराठीत बोलत होती, पण आवाज तोच. "काजूच्या बीचं तेल आहे. कातडीत उतरतं. बारा वर्षं साबणाने घासून त्यांच्या हाताचा निघाला नाही, तो तुमच्या शर्टाला कसा लागेल? तुम्ही लोक काजूकतली खाता, ती या हातांतून येते." तिने आपला अंगठा पुढे केला. नखांना गडद रंग लावला होता. "या रंगाखाली मलाही तसाच डाग आहे. दीड वर्षाचा. मी रोज झाकून येते. ती माझी चूक."

त्या नखांच्या रंगावरून मी घरात तिला काय काय बोलले होते! मिरवायला जाते म्हटलं होतं.

मेल्विनाबाई काऊंटरमागून बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "सलोनी, या कोण तुझ्या? नातेवाईक? नियम माहीत आहे ना तुला?" आणि मग हौसाबाईकडे वळून, "तुम्ही हिला ओळखता?"

हौसाबाईने सलोनीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नाय बा. ह्या चेडवाक मी जल्मात बगूक नाय."

"तुम्ही?"

"मी पण नाय," दुसरी म्हणाली. तिसरीने नुसती मान हलवली. काशीबाई, जिला सलोनीने आत्ताच काकी म्हणून हाक मारली होती, तीसुद्धा ठामपणे म्हणाली, "कोणाची काय म्हायत." सातेरीची शपथ होती ना. अकराच्या अकराजणी एका सुरात खोटं बोलल्या आणि एकीनेही पापणी हलवली नाही. मला त्या सगळ्यांना पोटाशी धरावंसं वाटलं.

मेल्विनाबाई सलोनीकडे वळल्या. "या तर म्हणतायत, ओळखत नाहीत."

सुटका समोर होती. सलोनीने नुसतं "चुकले मॅडम" म्हटलं असतं तर काम झालं असतं. नातेवाईक नाहीत म्हणजे नियम मोडला नाही, नोकरीला धक्का नाही. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, म्हण गो बाय, म्हण, आमका काय वाईट वाटूचा नाय. आणि ते अगदी खरं होतं. त्या क्षणी मला तिची नोकरी हवी होती, माझी ओळख नको होती.

सलोनी म्हणाली, "माझ्यासाठी खोटं बोलतायत त्या, मॅडम. मीच येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ही माझी माणसं. या हौसाकाकी, सोलणीला यांच्यासारखी तालुक्यात कोणी नाही. या काशीकाकी, यांनी फोडलेल्या बीचा गर तुटत नाही. आणि मला माल बघायला ज्यांनी शिकवलं..." ती थांबली. माझ्याकडे बघत होती. सरळ डोळ्यांत. "त्या निळ्या शर्टापाशी आहेत. नोकरीचं काय ते तुम्ही ठरवा. पण काशीकाकी बाहेर बसणार नाहीत."

मी खूप वेळा अभिमान अभिमान म्हणून ऐकलं आहे, भाषणांतही वापरला आहे. तो छातीत खरोखरच दुखतो, हे मला माहीत नव्हतं. आत पाणी नाही म्हणत होते ना मी? घरात मी तिला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, पाणी कुठून दिसणार होतं! मला स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी अख्ख्या आउटलेटला ओरडून सांगावंसं वाटलं की बघा रे, ही आमच्या घरातली.

मेल्विनाबाई टेबलापाशी आल्या. मग त्यांनी तो पांढरा शर्ट सलोनीच्या हातातून घेतला आणि काशीबाईसमोर धरला. "आजी, तुम्ही मघाशी यात काय शोधत होता?"

"दोष," काशीबाई म्हणाली. "दोषाचो माल ना ह्यो?"

"सापडला?"

"होय तर. वरसून तिसरा काज बगा. वाकडा आसा. बुतांव लायल्यार छातीर सुरकुती पडतली."

मेल्विनाबाईंनी तिसरं काज बघितलं. गुंडी लावून बघितली. सुरकुती पडली. त्यांनी त्या पोराकडे शर्ट दिला आणि सांगितलं, "या सगळ्या गठ्ठ्याचं तिसरं काज बघ. आणि आधी आजींची माफी माग." तो पोरगा पुटपुटला. काशीबाईने त्याच्या पाठीवर हात फिरवला, म्हणाली, "जाव दे रे." मी तिच्या जागी असते तर इतक्या स्वस्तात सोडला नसता.

मग मेल्विनाबाई सलोनीला म्हणाल्या, "नियम मोडलाय. तो मोडलाच आहे. तसं लेखी द्यायचं मला, आज संध्याकाळी." सलोनीने मान हलवली. "आणि उद्यापासून पडद्यामागे जायचं नाही. पुढे उभं राहायचं, गिऱ्हाइकासमोर. नोकरी पक्की केल्याचा कागद मी पाठवते." एवढं बोलून त्या आम्हा सगळ्यांकडे वळल्या, आणि त्यांची दुकानातली मराठी गळून पडली. "मी बांद्याची. तीन म्हयने ह्या चेडवाक सांगतंय, तोंड उघड म्हणान. आज उघडलान."

हौसाबाईने शपथेतून सुटका झाल्यासारखा मोठा श्वास सोडला आणि अकराजणी एकदम बोलायला लागल्या. कोणी सलोनीच्या गालावरून हात फिरवत होती, कोणी तिच्या पॅन्टचं कापड चाचपत होती. काशीबाई टेबलावरचे शर्ट निवडायला लागली होती आणि आता तो पोरगाच तिला एकेक उलगडून दाखवत होता.

मी मात्र अजून तिथेच होते. निळी बाही मुठीत चुरगळून गेली होती. मेल्विनाबाई माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"आणि तुमी कोण बाये? तुमी अजून हिका वळखणास नाय?"

पंचायतीत, बँकेत, तालुक्याच्या मेळाव्यात, कोणी विचारलं की मी उभी राहते आणि सांगते: सुगंधा गवस, अध्यक्ष. बारा वर्षं हेच सांगत आले आहे. त्यापुढे कोणाची काही विचारायची हिंमत होत नाही. तेच तोंडाशी आलं होतं. सलोनी बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे बघत होती.

"मी सलोनीची सासू," मी म्हटलं.